न्यूमोनियाच्या निदानात प्रतिपिंड चाचण्यांचे स्थान

प्रास्ताविक

खोकला, ताप आणि धाप या तक्रारी घेऊन येणारा रुग्ण आता बहुधा रिपोर्टांची पिशवी घेऊनच येतो. त्यात रक्तगणना असते, सीआरपी असते आणि अलीकडे ‘मायकोप्लाझ्मा आयजीएम : पॉझिटिव्ह’ अशी एखादी ओळही असते. नातेवाइकांच्या दृष्टीने ती ओळ म्हणजे निदान होय. पुष्कळदा ती ओळ घेऊन ते प्रथम औषधाच्या दुकानात जातात आणि नंतर वैद्याकडे येतात. यास्तव या ओळीचा नेमका अर्थ काय, तिच्यावर किती भार टाकावा आणि कोठे मुळीच टाकू नये, हे चिकित्सक व औषधविक्रेते या दोघांनीही जाणून घेणे आवश्यक झाले आहे.

आयुर्वेदाच्या अर्वाचीन ग्रंथांत न्यूमोनियासाठी ‘श्वसनक ज्वर’ ही संज्ञा रूढ आहे. या व्याधीच्या चिकित्सेचा विचार प्रस्तुत लेखात नाही. येथे आम्ही एकच प्रश्न घेतला आहे : जीवाणूजन्य न्यूमोनियाचा कारक जंतू रक्तातील प्रतिपिंडांवरून ओळखता येतो काय? आमचे उत्तर थोडक्यात असे की, काही जंतूंच्या बाबतीत येतो, पण बहुधा उशिरा येतो. आणि एकाच नमुन्यावरून तर क्वचितच येतो. असे का, हे पुढे क्रमाने पाहू.

प्रतिपिंड हा कशाचा पुरावा आहे?

शरीरात जंतूचा प्रवेश झाला की त्याच्या विशिष्ट अंशांना, म्हणजे प्रतिजनांना, बांधून ठेवणारी प्रथिने शरीर तयार करते. ही प्रतिपिंडे होत. त्यांतील दोन प्रकार आपल्या विषयाशी निगडित आहेत. आयजीएम हा प्रकार प्रथम, साधारणतः संसर्गाच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीपासून, दिसू लागतो. आयजीजी त्यामागून येतो आणि वर्षानुवर्षे टिकू शकतो. पाठ्यपुस्तकांतील सुटसुटीत नियम असा की आयजीएम म्हणजे नवा संसर्ग आणि आयजीजी म्हणजे जुना. हा नियम पुष्कळ ठिकाणी मोडतो आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो.

येथे चरकाचार्यांचे अनुमानविषयक विवेचन फार उपयोगी पडते. सूत्रस्थानाच्या अकराव्या, तिस्रैषणीय अध्यायात अनुमान तीन काळांचे सांगितले आहे. धूर पाहून न दिसणाऱ्या अग्नीचे अनुमान होते, ते वर्तमानाचे. गर्भ पाहून मैथुनाचे अनुमान होते, ते भूतकाळाचे. बीज पाहून फळाचे अनुमान होते, ते भविष्याचे. प्रतिपिंड चाचणी या तिहींपैकी दुसऱ्या वर्गात बसते. शरीराची आणि त्या जंतूची गाठ कधीतरी पडली होती, एवढेच ती सांगते. ती गाठ आजच्या तापाचे कारण आहे, हे ती स्वतः सांगत नाही. भूतकाळाचे अनुमान वर्तमानाचे मानणे, हा या चाचण्यांच्या वाचनात होणारा सर्वांत मोठा दोष आहे.

मुंबईतील एक उदाहरण सर्वांच्या स्मरणात असेल. जुलै २०२० मध्ये शहरातील तीन प्रभागांत कोविडच्या प्रतिपिंडांची पाहणी झाली. झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के आणि इतर वस्तीतील सुमारे १६ टक्के नमुन्यांत प्रतिपिंडे आढळली. ही सारी माणसे त्या दिवशी आजारी होती, असा अर्थ कोणीही काढला नाही. संसर्ग वस्तीत किती पसरून गेला, एवढेच त्यावरून कळले. विषाणूच्या बाबतीत जे तत्त्व आपण सहज मान्य केले, तेच जीवाणूच्या रिपोर्टास लावण्यास मात्र आपण विसरतो.

विडालपासून आरंभ

वैद्यवर्गास सर्वाधिक परिचित अशी प्रतिपिंड चाचणी म्हणजे विडाल. १८९६ मध्ये फर्नांड विडाल यांनी आंत्रज्वराच्या निदानासाठी ती मांडली. रुग्णाचा रक्तरस टप्प्याटप्प्याने पातळ करीत जायचा आणि कोणत्या पातळीपर्यंत जंतूंच्या गुठळ्या होतात ते पाहायचे. १:४०, १:८०, १:१६० असे आकडे आपण रिपोर्टात वाचतो, ते या पातळ करण्याचे प्रमाण होय.

आंत्रज्वर जेथे सदैव आढळतो अशा आपल्या प्रदेशात निरोगी माणसांच्या रक्तातही थोडी प्रतिपिंडे असतात. त्यामुळे एकाच विडालवर विसंबून केलेले निदान किती फसते, हा अनुभव बहुतेकांनी घेतला आहे. न्यूमोनियाच्या प्रतिपिंड चाचण्यांचे दुखणे याच जातीचे आहे. यंत्र नवे आहे, एलायझाचे नाव नवे आहे. प्रश्न जुनाच आहे.

दोन नमुन्यांचा नियम

एक नमुना भूतकाळ सांगतो, पण किती मागचा ते सांगत नाही. यावर जुन्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी काढलेला उपाय आजही प्रमाण मानला जातो. आजाराच्या आरंभी एक नमुना घ्यावा आणि दोन ते चार आठवड्यांनी दुसरा घ्यावा. दोहोंत चौपट किंवा त्याहून अधिक वाढ आढळली तरच संसर्ग नुकताच झाला असे म्हणावे.

चौपटच का, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. पातळ करण्याची प्रत्येक पायरी दुपटीची असते. कुशल हातांनीही एका पायरीचा फरक पडू शकतो. म्हणून १:४० चे १:८० झाले तर तो हाताचा दोष असू शकतो. १:४० चे १:१६० झाले तर ती शरीराची करणी मानता येते.

या नियमाची एक अट व्यवहारात वारंवार मोडली जाते. दोन्ही नमुने एकाच प्रयोगशाळेत, एकाच संचाने आणि शक्यतो एकाच वेळी तपासावयास हवेत. त्यासाठी पहिला रक्तरस गोठवून जपून ठेवण्यास प्रयोगशाळेस आरंभीच सांगावे लागते. एका गावच्या लॅबोरेटरीचा पहिला आकडा आणि दुसऱ्या गावचा दुसरा आकडा यांची वजाबाकी करून काही हाती लागत नाही. एलायझाच्या रिपोर्टातील ‘इंडेक्स’ हा आकडाही पातळीचे प्रमाण नसतो. तो दुप्पट झाला म्हणजे प्रतिपिंडे दुप्पट झाली, असे समजू नये.

आता यातील अडचण पाहा. दुसरा नमुना येईपर्यंत तीन आठवडे जातात. तोवर रुग्ण बरा झालेला असतो, किंवा रुग्णालयात असतो, किंवा हयात नसतो. अर्थात जी चाचणी सर्वांत विश्वासार्ह, तीच त्या रुग्णाच्या चिकित्सेस सर्वांत निरुपयोगी ठरते. मग तिचा उपयोग कोठे होतो?

फिलाडेल्फियाचा धडा

जुलै १९७६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात माजी सैनिकांच्या ‘अमेरिकन लीजन’ या संघटनेचे अधिवेशन बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड या हॉटेलात भरले होते. अधिवेशन आटोपून घरी परतलेली माणसे तीव्र न्यूमोनियाने आजारी पडू लागली. एकूण २२१ जण आजारी झाले व ३४ दगावले. नेहमीच्या संवर्धनात कोणताही जंतू वाढेना. विषबाधेपर्यंत सर्व शंका घेऊन झाल्या.

सुमारे सहा महिन्यांनी जोसेफ मॅकडेड आणि चार्ल्स शेपर्ड या संशोधकांनी कोंबडीच्या अंड्यातील बलकपिशवीत एक जीवाणू वाढविला. हाच आजाराचे कारण आहे, हे सिद्ध कसे करावयाचे? त्यांनी जपून ठेवलेले रुग्णांचे रक्तरस काढले आणि या जीवाणूशी त्यांची प्रतिक्रिया पाहिली. आजाराच्या निकषांत बसणाऱ्या १११ रुग्णांपैकी १०१ रुग्णांत निदानास पुरेशी प्रतिपिंडवाढ आढळली. जानेवारी १९७७ मध्ये हा शोध जाहीर झाला. पुढे या जीवाणूस लिजिओनेला हे नाव मिळाले.

याहून विस्मयकारक गोष्ट पुढे घडली. वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ रुग्णालयातील १९६५ ची आणि मिशिगनमधील पॉन्टिअॅक येथील १९६८ ची, अशा दोन साथींचे कारण कधीच उमगले नव्हते. त्या रुग्णांचे रक्तरस शीतकपाटात पडून होते. ते तपासले असता त्यांतही याच जीवाणूची प्रतिपिंडे निघाली. बारा वर्षांपूर्वीचे कोडे प्रतिपिंडांनी सोडविले.

या इतिहासात चाचणीचे बळ आणि तिची मर्यादा दोन्ही स्पष्ट दिसतात. साथीचे कारण मागाहून शोधण्यास प्रतिपिंडांसारखे साधन नाही. परंतु त्या १११ पैकी १० जणांत अपेक्षित वाढ दिसलीच नाही, हेही ध्यानात ठेवावे. लिजिओनेलाची प्रतिपिंडे वर येण्यास तीन आठवडे, कधी सहा आठवडे लागतात आणि काही रुग्णांत ती येतच नाहीत. म्हणूनच आज या जंतूसाठी प्रथम मूत्रातील प्रतिजन शोधतात. ती चाचणी प्रतिपिंडाची नव्हे, प्रत्यक्ष जंतूच्या अंशाची आहे. अर्थात तीही मुख्यतः या जंतूच्या पहिल्या रक्तरसप्रकारापुरतीच चालते.

जंतूनिहाय विचार

न्यूमोकॉकस. समाजात होणाऱ्या जीवाणूजन्य न्यूमोनियाचा हा प्रमुख कारक. निदानासाठी याच्या प्रतिपिंडांची चाचणी नेहमीच्या व्यवहारात करीत नाहीत. याचे सुमारे शंभर प्रकार आहेत आणि प्रत्येकाचे आवरण भिन्न आहे. निरोगी बालकांच्या घशातही तो वास करतो. शिवाय भारतात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ पासून देशभर बालकांच्या लसीकरणात न्यूमोकॉकसची लस समाविष्ट झाली आहे. तिच्यामुळेही प्रतिपिंडे निर्माण होतात, नव्हे तोच तिचा हेतू आहे. येथे रक्ताचे व बेडक्याचे संवर्धन आणि बेडक्याची ग्रॅम रंजन तपासणी यांनाच महत्त्व आहे. हे रंजन १८८४ मध्ये हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांनी न्यूमोनियाने मृत झालेल्यांच्या फुप्फुसांवर काम करीत असताना सिद्ध केले, हे येथे नमूद करण्याजोगे आहे.

सीआरपीविषयी एक खुलासा येथेच करतो. १९३० मध्ये न्यूमोकॉकसच्या न्यूमोनियाने आजारी असलेल्यांच्या रक्तरसात ती प्रथम आढळली. त्यामुळे ती प्रतिपिंड आहे असा समज काही ठिकाणी दिसतो. सीआरपी हे यकृतात तयार होणारे, दाह दर्शविणारे प्रथिन आहे. ती कोणत्याही एका जंतूचे नाव सांगत नाही.

मायकोप्लाझ्मा. आज बाजारात सर्वाधिक चाचण्या याच्याच होतात. याचा न्यूमोनिया बहुधा शाळकरी मुले व तरुण यांना होतो. कोरडा, चिवट खोकला, मध्यम ताप आणि ऐकण्यातील चिन्हांपेक्षा एक्स-रेत अधिक विकृती, असे त्याचे रूप असते. १९४३ मध्ये अशा रुग्णांच्या रक्तात थंडीत रक्तकणांच्या गुठळ्या करणारी प्रतिपिंडे आढळली. रक्ताची नळी बर्फात ठेवली की कण दिसतात आणि हाताच्या उबेने विरघळतात. ही जुनी चाचणी साधारण निम्म्या रुग्णांतच सापडते व इतर व्याधींतही येते, म्हणून ती मागे पडली. प्रत्यक्ष जंतू १९६२ मध्ये कृत्रिम माध्यमात वाढविण्यात आला.

याच्या आयजीएम चाचणीत चार खळगे आहेत. पहिला, आजाराच्या पहिल्या आठवड्यात ती निगेटिव्ह असू शकते. दुसरा, एकदा उद्भवलेले आयजीएम कित्येक महिने टिकते. मागील हिवाळ्यातील संसर्ग या पावसाळ्यातील खोकल्याच्या माथी मारला जातो. तिसरा, प्रौढांत पुन्हा संसर्ग झाल्यास आयजीएम मुळीच न येता थेट आयजीजी वाढू शकते. चौथा खळगा वैद्यांनी विशेष लक्षात ठेवावा : ज्याच्या रक्तात ऱ्हूमेटॉइड फॅक्टर आहे त्याच्यात काही आयजीएम चाचण्या खोट्या पॉझिटिव्ह येतात. आपल्याकडे सांध्यांच्या व्याधींचे रुग्ण मोठ्या संख्येने येतात. त्यांच्यातील कोणाचा असा रिपोर्ट आल्यास प्रथम ही शंका घ्यावी.

यात आणखी एक भर. नेदरलँड्समध्ये मुलांवर झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. श्वसनाची लक्षणे असलेल्या सुमारे १६ टक्के मुलांच्या श्वसनमार्गात मायकोप्लाझ्मा सापडला. लक्षणे मुळीच नसलेल्या मुलांत हेच प्रमाण सुमारे २१ टक्के होते. रक्तातील प्रतिपिंडांवरूनही आजारी मूल आणि नुसते वाहक मूल यांत भेद करता आला नाही. जंतू असणे आणि जंतूमुळे व्याधी असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानी येते.

क्लॅमिडोफिला. प्रौढांपैकी निम्म्याहून अधिकांच्या रक्तात याचे आयजीजी असते. त्यामुळे एकट्या आयजीजीच्या पॉझिटिव्ह रिपोर्टास काडीचाही अर्थ नाही. प्रथम संसर्गात आयजीएम येण्यास दोन ते तीन आठवडे लागतात.

लेप्टोस्पायरा आणि स्क्रब टायफस. हे रूढ अर्थाने न्यूमोनियाचे जंतू नव्हेत. तथापि त्यांच्या तीव्र आजारात फुप्फुसे दुखावतात. पावसाळ्यात कोकणात व मुंबईत लेप्टोस्पायरोसिस आढळतो. २००५ च्या महापुरानंतर मुंबईने त्याची साथ अनुभवली. २०१८ मध्ये विदर्भात स्क्रब टायफसने डोके वर काढले. या दोन्ही आजारांत जंतू वाढविणे अवघड आहे. म्हणून येथे पहिल्या आठवड्यानंतरची आयजीएम एलायझा खरोखर साहाय्यक ठरते. परंतु तेथेही आयजीएम काही महिने टिकते आणि रिपोर्टाची वाट पाहत चिकित्सा थांबवीत नाहीत.

ज्यांच्यात प्रतिपिंडांवर मुळीच विसंबू नये असे रुग्णही सांगितले पाहिजेत. नवजात बालकाच्या रक्तातील आयजीजी मातेकडून आलेले असते. दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे, एचआयव्ही बाधित आणि अतिवृद्ध यांच्यात प्रतिपिंडे उमटतच नाहीत असे घडू शकते.

थोडे गणित

समजा, न्यूमोनियाच्या २०० रुग्णांपैकी २० जणांना मायकोप्लाझ्माचा संसर्ग आहे. आपली चाचणी खऱ्या १०० रुग्णांतील ७० ओळखते आणि मायकोप्लाझ्मा नसलेल्या १०० जणांतील १५ जणांना चुकून पॉझिटिव्ह ठरविते. हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत.

खऱ्या २० पैकी १४ जण पॉझिटिव्ह येतील. उरलेल्या १८० पैकी २७ जण खोटे पॉझिटिव्ह येतील. एकूण ४१ पॉझिटिव्ह रिपोर्ट हाती पडतील आणि त्यांतील १४, म्हणजे जेमतेम एक-तृतीयांश, खरे असतील. हीच चाचणी वसतिगृहातील अशा साथीत केली की जेथे निम्म्या रुग्णांना हा संसर्ग आहे, तर १०० खऱ्यांतील ७० आणि १०० इतरांतील १५ असे ८५ पॉझिटिव्ह येतील आणि पाचांतील चारांहून अधिक खरे ठरतील. संच तोच, प्रयोगशाळा तीच. रुग्णाची निवड बदलली आणि रिपोर्टाचा अर्थ बदलला. प्रश्नपरीक्षा व दर्शनपरीक्षा यांचे मोल यंत्राने कमी होत नाही. उलट यंत्राचा अर्थ त्यांवरच ठरतो.

क्षयरोगाचा इशारा

प्रतिपिंड चाचण्यांवर अंधविश्वास ठेवल्याने काय होते, याचे ठळक उदाहरण आपल्याच देशात घडले. क्षयाच्या निदानासाठी रक्तातील प्रतिपिंडांचे संच भारतात कित्येक वर्षे सर्रास वापरले गेले. क्षय नसलेल्यांना महिनोन्‌महिने औषधे मिळाली आणि क्षय असलेले काही रुग्ण निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन घरी गेले. जुलै २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या चाचण्या वापरू नयेत अशी निःसंदिग्ध शिफारस केली. जून २०१२ मध्ये भारत सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून अशा संचांची आयात, उत्पादन, विक्री, वितरण आणि वापर यांवर बंदी घातली.

न्यूमोनियाच्या विषयात हा इशारा दोन कारणांनी महत्त्वाचा आहे. दीर्घकाळच्या खोकल्यात मायकोप्लाझ्माचा पॉझिटिव्ह रिपोर्ट आला की क्षयाचा विचार मागे पडतो. त्यातच लेव्होफ्लॉक्सासिनसारखे औषध सुरू झाले तर ते क्षयजंतूवरही काही अंशी काम करते, लक्षणे तात्पुरती दबतात आणि खरे निदान लांबते. म्हणून दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर प्रतिपिंडांचा रिपोर्ट काहीही असो, बेडक्याची क्षयासाठी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी व छातीचा एक्स-रे करून घ्यावा.

चिकित्सकाने प्रथम काय पाहावे

जंतूचे नाव नंतर कळले तरी चालते. रुग्णाचे बल आणि व्याधीची तीव्रता त्याच क्षणी कळावी लागते. प्रौढासाठी चार गोष्टी पाहाव्यात : मनाचा गोंधळ, श्वासगती मिनिटाला ३० किंवा अधिक, रक्तदाब वरचा ९० हून कमी किंवा खालचा ६० वा त्याहून कमी, आणि वय ६५ किंवा अधिक. प्रत्येकास एक गुण द्यावा. शून्य गुण असल्यास घरी उपचार शक्य असतात. एक वा दोन असल्यास रुग्णालयाचा विचार करावा. तीन वा चार असल्यास तातडीने पाठवावे. बोटावरील ऑक्सिमीटर ९२ हून कमी दाखवीत असेल तर गुण मोजत बसू नये.

बालकांत श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा. २ महिन्यांखालील बालकास ६०, २ ते ११ महिन्यांच्या बालकास ५० आणि १ ते ५ वर्षांच्या बालकास ४० किंवा त्याहून अधिक गती ही वेगवान समजावी. छाती आत ओढली जाणे, दूध न पिणे, गुंगी येणे यांपैकी काहीही असल्यास, तसेच २ महिन्यांखालील बालकात नुसत्या संशयानेही, रुग्णालयात पाठवावे. घड्याळ आणि दोन डोळे यांनी होणारी ही परीक्षा कोणत्याही आयजीएमपेक्षा अधिक प्राण वाचविणारी आहे.

औषधविक्रेत्यांसाठी

रिपोर्टातील ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द म्हणजे औषधाची चिठ्ठी नव्हे. अॅझिथ्रोमायसिन हे परिशिष्ट ‘एच’ मधील औषध आहे. सेफिक्झिम व लेव्होफ्लॉक्सासिन ही मार्च २०१४ पासून लागू झालेल्या परिशिष्ट ‘एच-१’ मध्ये आहेत व त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद तीन वर्षे जपावी लागते. केवळ रिपोर्ट दाखवून औषध मागणाऱ्यास चिकित्सकाकडे पाठविणे हे कायद्याने बंधनकारक तर आहेच. त्या रुग्णाच्या हिताचेही आहे. मायकोप्लाझ्मास पेशीभित्ती नसल्याने पेनिसिलिन व सेफॅलोस्पोरिन गटाची औषधे त्यावर चालत नाहीत, तर न्यूमोकॉकसवर अॅझिथ्रोमायसिन दरवेळी चालेलच असे नाही. चुकीच्या रिपोर्टावरून दिलेले औषध नुसते वाया जात नाही. योग्य औषधाचे दिवसही ते खाते. धाप लागलेला किंवा गोंधळलेला रुग्ण दुकानाच्या पायरीशी आला, तर त्याचा रिपोर्ट वाचण्याआधी त्यास रुग्णालयाचा रस्ता दाखवावा.

अभ्यासासाठी तीन उदाहरणे

पुढील उदाहरणे अभ्यासासाठी रचली आहेत. उत्तर वाचण्यापूर्वी स्वतः विचार करावा.

१. वसतिगृहातील १९ वर्षांचा विद्यार्थी. बारा दिवस कोरडा खोकला व मध्यम ताप. खोलीतील आणखी दोघांना तोच त्रास. श्वासगती २०. मायकोप्लाझ्मा आयजीएम पॉझिटिव्ह.
विचार : वय, साथीचा इतिहास, लक्षणे आणि आजाराचा दिवस ही चारही अनुकूल आहेत. येथे रिपोर्ट निदानास पुष्टी देतो. मात्र निदानाचा पाया आधीच घातला गेला होता, हे विसरू नये.

२. यंत्रमागावर काम करणारा ४५ वर्षांचा पुरुष. पाच आठवडे खोकला, सायंकाळी ताप, वजनात घट. मायकोप्लाझ्मा आयजीएम पॉझिटिव्ह.
विचार : रिपोर्ट बाजूस ठेवावा. बेडका क्षयासाठी तपासावा व एक्स-रे काढावा. क्षय निघाल्यास त्याची शासनाकडे नोंद करणे अनिवार्य आहे.

३. सत्तर वर्षांच्या आजीबाई. दोन दिवस खोकला, ताप नाही, कालपासून असंबद्ध बोलणे, श्वासगती ३२. आयजीएम निगेटिव्ह.
विचार : गुण तीन झाले. दुसऱ्या दिवशीच्या निगेटिव्ह आयजीएमने काहीही वगळले जात नाही आणि वृद्धांत ताप नसणे हे आश्वासक नसते. विनाविलंब रुग्णालय.

सारांश

प्रतिपिंड चाचणी हे भूतकाळाचे अनुमान आहे. दोन नमुन्यांतील चौपट वाढ त्या भूतकाळास नजीकची तारीख देते. एकटा नमुना ती देऊ शकत नाही. साथीचे मूळ शोधण्यास, लसीचा परिणाम पाहण्यास आणि संवर्धनास दाद न देणाऱ्या मोजक्या जंतूंसाठी ही चाचणी मोलाची आहे. समोर धापा टाकणाऱ्या रुग्णाची चिकित्सा तिच्यावर ठरवू नये, तिच्यासाठी थांबवू नये आणि तिच्या एका ओळीने क्षयाचा संशय मिटवू नये. रिपोर्ट हाती घेताना तीन प्रश्न विचारण्याची सवय आम्ही वाचकांस सुचवितो : आजाराचा हा कितवा दिवस? हा नमुना पहिला की दुसरा? आणि रिपोर्ट उलट आला असता तर आपण वेगळे काय केले असते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘काहीच नाही’ असे असेल, तर रुग्णाचे ते पैसे आपण वाचवू शकलो असतो.